श्रावणापासून अनंत चतुर्दशीपर्यंत: सणांचे दोरे घरी रंगवायचे असतील तर

राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला. "ताई, तुझ्या राखीचा पिवळा गोंडा लाल झालाय. असाच असतो का?" अंघोळीला जाताना त्याने राखी काढली नव्हती आणि साबण लागला होता. गोंडा मी हळदीत रंगवलेला. हळदीला साबण, सोडा, चुना असं काहीही खारं लागलं की ती लाल होते. हळदीचं कुंकू होतं ते याच गुणामुळे. म्हणजे मोठ्या हौशीने पाठवलेली माझी राखी भावाच्या मनगटावर जाऊन कुंकवाची झाली होती. "अरे, लिंबू चोळ, परत पिवळी होईल," म्हटलं. झालीही. पण दिवाळीपर्यंत ती पांढुरकी पडली, कारण हळदीला ऊनही सोसत नाही.

तेव्हापासून रंग निवडण्याआधी मी दोऱ्याचं आयुष्य विचारते. आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात किती दोरे लागतात ते बघा. श्रावण पौर्णिमेला राखी, आणि त्याच दिवशी काही घरांत पोवतं: सुताच्या नऊ धाग्यांची जुडी, तिला आठ, बारा किंवा चोवीस गाठी, आधी देवाला वाहायची आणि मग घरातल्यांनी हाताला बांधायची. म्हणून त्या पौर्णिमेला पोवती पौर्णिमाही म्हणतात. पुढे गौरी जातात त्या दिवशी हळदीच्या सुताला गाठी पाडून दोरा घेतात. आणि अनंत चतुर्दशीला चौदा गाठींचा अनंत, जो वर्षभर दंडावर राहतो. राखी आठवडाभर टिकली तरी पुष्कळ. गौरीच्या दोऱ्याचं तर शेवटी विसर्जनच. अनंताच्या दोऱ्याला मात्र रोजची अंघोळ, घाम, साबण, ऊन सगळं सोसायचं असतं. त्याला हळद लावून भागत नाही, आणि विसर्जन व्हायच्या दोऱ्यासाठी महागाची मंजिष्ठ (लाल रंग देणारी आयुर्वेदातली मुळी) खर्ची घालण्यात अर्थ नाही.

खाली दिलेलं माप ५० ग्रॅम रेशीम आणि १०० ग्रॅम सूत एवढ्यासाठी आहे. दोन-तीन घरांना पुरून उरतं. वेळ चार-पाच दिवसांचा लागतो, पण त्यातला बराचसा भिजवण्यात जातो, तुमचा नाही. आषाढात चांगली उघडीप बघून सुरुवात करा. श्रावणातल्या झडीत धागा तीन-तीन दिवस वाळत नाही आणि त्याला कुबट वास येतो.

रेशीम खरं आहे का, हे आधी बघा

बाजारात "रेशमी दोरा" म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा रेयॉन किंवा पॉलिएस्टर असतो. दुकानदार फसवतोच असं नाही, त्यालाही तो तसाच सांगून विकलेला असतो. बोटभर धागा चिमट्यात धरून पेटवा. खरं रेशीम हळूहळू जळतं, केस जळल्यासारखा वास येतो आणि काळी राख चिमटीत चुरते. रेयॉन कागदासारखा भरभर जळतो. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो, आणि त्याला या लेखातला कुठलाही रंग धरणार नाही. रेयॉन धरेल, पण त्याची तयारी सुतासारखी करावी लागते.

खरं रेशीम पैठणी विणणाऱ्यांकडे, म्हणजे येवल्या-पैठणच्या बाजूला, लडीने मिळू शकतं. विदर्भात भंडारा, गडचिरोलीकडे टसर मिळतं. टसरचा मूळ रंगच मधासारखा असतो, त्यामुळे त्यावर पिवळा आणि लाल दोन्ही थोडे मावळलेले दिसतात. मला ते आवडतं. लखलखीत रंग हवा असेल तर मात्र पांढरं तुतीचं रेशीमच घ्या. घेताना एक विचारा: कच्चं की डिंक काढलेलं? कच्च्या रेशमावर किड्याच्या लाळेचा डिंकासारखा थर असतो. असं रेशीम हाताला ताठ, थोडं खरखरीत लागतं, आणि हा थर वजनाच्या साधारण पाव हिस्सा भरतो.

कच्चं मिळालं तर तो थर घरी काढता येतो. ५० ग्रॅम रेशमाला दोन लिटर पाणी, त्यात १० ते १२ ग्रॅम साधा साबण किसून आणि चिमूटभर धुण्याचा सोडा. पाणी उकळीच्या अगदी खाली ठेवून तासभर धागा त्यात हलवत राहा. नंतर गरम पाण्यात, मग कोमट पाण्यात खळबळून काढा; एकदम गारात टाकलं तर सुटलेला थर पुन्हा धाग्यावर बसतो. सगळ्या कामात रेशमाला एवढी आच फक्त या पायरीला द्यायची. माझ्या अनुभवात रिठ्याने हा थर नीट निघत नाही. मी एकदा "सगळं नैसर्गिकच" या हट्टापायी रिठ्यात दीड तास शिजवून बघितलं. धागा स्वच्छ झाला, ताठपणा तसाच राहिला.

आट्या बांधणं

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतात. लडीच्या तीन-चार छोट्या आट्या करा: मंजिष्ठेसाठी २० ग्रॅम, झेंडूसाठी १५, कांद्याच्या सालीसाठी १५. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून आटी करायची, आणि चार जागी जाड पांढऱ्या सुताने इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा देऊन बांधायची. बांधणी सैल ठेवा, आतून करंगळी फिरली पाहिजे. आवळून बांधलं तर त्या जागी रंग शिरत नाही. बांधणीचा उद्योग असतो तेव्हा हेच हवं असतं, इथे नको.

कागदाच्या चिठ्ठ्या पाण्यात विरघळतात, म्हणून खूण गाठींची करा. बांधायच्या सुताला एक गाठ म्हणजे मंजिष्ठ, दोन म्हणजे झेंडू, तीन म्हणजे कांदा. हे वहीत लिहून ठेवा. लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही.

भांडी स्टीलची घ्या. लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही रंग बदलतात. आणि रंगाचं पातेलं, चमचा, गाळणी स्वयंपाकात परत नेऊ नका. रंग झाडाचे असले तरी तुरटी आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) पोटात जायच्या वस्तू नाहीत.

तुरटी: खरं काम इथे होतं

झाडांचे बहुतेक रंग धाग्याला नुसते चिकटत नाहीत. मध्ये तुरटीचा सांधा लागतो. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका बाजूने धाग्याला आणि दुसऱ्या बाजूने रंगाला धरून ठेवतं. जुने रंगारी यावर सगळ्यात जास्त वेळ घालवत, आपण घाईत हेच उरकतो.

रेशमासाठी वजनाच्या पंधरा टक्के तुरटी पुरते, म्हणजे ५० ग्रॅमला साडेसात ग्रॅम. अंदाजाने चमचे टाकू नका, स्वयंपाकाचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. तुरटीची पूड कपभर कडकडीत पाण्यात विरघळवा, ते दोन लिटर कोमट पाण्यात ओता. रेशीम आधी साध्या पाण्यात अर्धा तास भिजवून, पिळून, त्यात सोडा आणि रात्रभर ठेवा. गॅसवर ठेवायची गरज नाही. थंड तुरटीत रेशमाची चकाकी टिकते, तापवलेल्यात ती जाते. तुरटी जास्त झाली तर धागा चिकट लागतो, म्हणून "थोडी अजून" नको.

सुताचं तसं नाही. रेशीम प्राण्याचं, सूत झाडाचं. सूत तुरटीला सहज जवळ करत नाही. कच्च्या सुतावर मेण आणि तेलकटपणाही असतो. १०० ग्रॅम सूत तीन लिटर पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा. पाणी चहासारखं तपकिरी होईल, पांढऱ्या दिसणाऱ्या सुतातून एवढा मळ निघतो हे बघून पहिल्यांदा दचकायला होतं. स्वच्छ धुवा. आता त्यातलं अर्धं, म्हणजे गौरीच्या दोऱ्याचं ५० ग्रॅम, बाजूला ठेवा. त्याला तुरटी लागणार नाही.

उरलेल्या ५० ग्रॅमला आधी हिरड्याचं पाणी द्यायचं. काष्ठौषधींच्या दुकानातून हिरड्याची पूड आणा, १० ग्रॅम पूड दीड लिटर गरम पाण्यात कालवून गाळा आणि सूत त्यात रात्रभर ठेवा. हिरड्यातला तुरटपणा सुताला धरतो आणि तुरटीला हात पुढे करतो. सकाळी सूत पिळून घ्या, धुऊ नका. मग १० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात पाव चमचा धुण्याचा सोडा हळूहळू घाला. फसफसेल, म्हणून भांडं मोठं घ्या. फेस बसला की दीड लिटर कोमट पाणी घालून सूत पुन्हा रात्रभर भिजवा. हिरड्याने सूत फिकट पिवळट होतं, तो दोष नाही.

कोणत्या रंगाला कुठलं पाणी

मंजिष्ठेला जड पाणी मानवतं. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातल्या चुन्याने तिचा लाल गडद होतो, फिल्टरच्या पाण्यात तो नारिंगीकडे झुकतो. बाकीच्या रंगांना हलकं पाणी बरं, आणि पावसाळ्यात ते आभाळातूनच येतं. पहिल्या एक-दोन सरींनी कौलं-पत्रे धुऊन निघाले की पागोळ्यांखाली बादली लावा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर टेरेसवर स्वच्छ टब.

मंजिष्ठेचा लाल: अनंतासाठी

या सगळ्यात मला सर्वांत जवळचा रंग हाच, आणि सगळ्यात लहरीही हाच. आयुर्वेदाच्या दुकानात मंजिष्ठ मुळ्यांच्या रूपात आणि पूड करून, दोन्ही प्रकारे मिळते. पूड घेताना वास घ्या आणि चिमूटभर ओल्या तळहातावर चोळा. ताजी असेल तर हाताला तांबूस डाग पडतो. जुनी, तपकिरी पडलेली पूड तपकिरीच रंग देते.

२० ग्रॅम रेशमाला २० ग्रॅम पूड. मलमलच्या दुहेरी कापडात तिची सैल पुरचुंडी बांधा आणि एक लिटर पाण्यात आदल्या रात्री भिजत घाला. पूड सुटी टाकलीत तर ती रेशमाच्या पदरात अशी शिरते की पुढे महिनाभर झटकत बसाल. सकाळी पुरचुंडी दाबून रंग काढा, तिला भांड्यातच राहू द्या, तुरटीतून काढून हलकं खळबळलेलं रेशीम सोडा आणि मंद आचेवर ठेवा. ६० ते ७० अंशांपर्यंत यायला तासभर लागला पाहिजे. थर्मामीटर नसेल तर एवढं बघा: वाफ येतेय, भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसतायत, पण एकही वर येऊन फुटत नाही. त्यापुढे गेलं की मुळातले तपकिरी रंग सुटतात आणि विटकरी लाल मळकट होतो. पहिल्या वर्षी मी कुकरच्या शिट्ट्या मोजत दुसऱ्या शेगडीकडे बघायला विसरले, आणि माझ्या जाऊबाईंनी त्या आटीला "नाचणीचं सत्त्व" असं नाव दिलं. ते त्या अजून विसरलेल्या नाहीत.

तासभर त्याच आचेवर, अधूनमधून आटी फिरवत. मग गॅस बंद करून रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी ती काढून न धुता सावलीत वाळवा आणि दोन दिवस थांबा. या थांबण्याने रंग बसतो. उरलेलं पाणी फेकू नका. त्यात पोवत्याचं थोडं सूत सोडलंत तर फिकट डाळिंबी येतो.

लाखेच्या लालचा मोह मलाही झाला होता. पण दुकानात मिळते ती लाख, मोहोर करायची किंवा पॉलिशची, तिच्यातला रंग आधीच धुऊन काढलेला असतो. झाडावरून उतरवलेली, काडीसकटची लाख मिळाली तरच त्या वाटेला जा.

झेंडू आणि कांदा: राखीसाठी

श्रावणात झेंडू महाग असतो. पण मागच्या दसऱ्याची तोरणं वाळवून ठेवली असतील तर फुकटच आहे. १५ ग्रॅम रेशमाला २० ग्रॅम वाळक्या पाकळ्या. देठाचा हिरवा भाग काढून टाका, तो रंग मंद करतो. लिटरभर पाण्यात पाऊण तास मंद उकळून गाळा, थोडं निवू द्या, मग रेशीम घालून पाऊण तास कोमटाहून जरा गरम पाण्यात ठेवा. उबदार, भरीव पिवळा येतो. हळदीपेक्षा तो कितीतरी जास्त उन्हाला टिकतो आणि साबणाने लाल होत नाही. माझ्या भावाच्या राखीला हाच हवा होता.

हिरवट छटा हवी असेल तर रंगवलेल्या आटीचा एक भाग हिराकसाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवा. १५ ग्रॅम धाग्याला हिराकस पाव ग्रॅमसुद्धा पुरतो, चिमटीच्या टोकावर मावेल इतका. पिवळ्याचा डोळ्यांसमोर शेवाळी होतो. लोखंड रेशमाला ठिसूळ करतं, म्हणून जास्त नको, वेळही जास्त नको, आणि लगेच भरपूर पाण्यात धुवा. ते भांडं आणि चमचा पुन्हा लाल-पिवळ्यासाठी वापरू नका.

कांद्याची साल हा नवशिक्यांचा रंग, आणि मी तो कमी लेखत नाही. बिघडवायचा म्हटलं तरी बिघडत नाही. भाजीवाल्याकडे पिशवी धरा, तो हसत हसत भरून देतो. १५ ग्रॅम रेशमाला १० ग्रॅम साल. एवढी हलकी वस्तू, की १० ग्रॅम म्हणजे मोठं पातेलंभर होते. अर्धा तास उकळून गाळा, मग धागा पाऊण तास. लाल कांद्याची साल तांबूस सोनेरी देते. रंग वर्षभरात थोडा उतरतो, राखीपुरता उत्तम. हिरडा-तुरटी दिलेलं पोवत्याचं सूतही इथेच रंगवून घ्या, त्याला आणखी २० ग्रॅम साल लागेल.

आणि एक नाजूक लाड. पावसाळ्यात पारिजातकाचा सडा पडतो. पहाटे वेचलेल्या फुलांचे केशरी देठ खुडून सावलीत वाळवत ठेवा. दोन-तीन आठवड्यांत वाटीभर जमतात. कोमट पाण्यात भिजवले की केशरासारखा रंग सुटतो आणि तुरटी दिलेल्या रेशमावर केशरी-पिवळा येतो. पाच-सात ग्रॅम धाग्यालाच पुरतो, टिकतही नाही. देवाला वाहायच्या पोवत्यात एक धागा याचा घालायला मला आवडतं, तेवढंच त्याचं काम.

निळ्याचा नाद पहिल्या वर्षी करू नका. निळीचं भांडं वेगळ्या शास्त्राने चालतं, त्यासाठी आपल्याकडे निराळी नावाची वेगळी जातच होती.

हळद: गौरीच्या दोऱ्यासाठी

इथे हळदच हवी. ती उडते, लाल होते, हाताला लागते, आणि यातल्या कशानेही बिघडत नाही. बाजूला ठेवलेल्या ५० ग्रॅम सुताला १५ ग्रॅम हळदपूड. गरम पाण्यात कालवून फडक्यातून गाळा, ओलं सूत अर्धा तास त्यात फिरवा, पिळून सावलीत वाळवा. तुरटी नको. एवढीही खटपट नको असेल तर ओल्या सुताला तळहातावर हळद घेऊन चोळणं ही मूळ पद्धत आहेच. उरलेलं पाणी फिकट असलं तरी त्यात अक्षता रंगवू नका, भांडं रंगकामाचं आहे.

धुणं आणि परीक्षा

दोन दिवस मुरलेल्या आट्या रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. रेशमाच्या शेवटच्या पाण्यात लिटरला अर्धा चमचा व्हिनेगर घाला. रेशीम बोटांत दाबलं की जी करकर येते, ती या आंबटपणाने परत येते. मंजिष्ठेच्या आटीला मात्र हे देऊ नका, लाल नारिंगी होतो.

मग पांढरा रुमाल ओला करून धाग्यावर घासा. राखी घामेजल्या मनगटावर असते, वरून ओलं कुंकू पडतं, शेजारी पांढरा झब्बा असतो. रुमालाला डाग पडला तर पुन्हा धुवा. उन्हाची परीक्षा बघायची तर धाग्याचे तुकडे पुठ्ठ्यावर गुंडाळून अर्धा भाग झाका आणि पंधरा दिवस खिडकीत ठेवा. एकाच पुठ्ठ्यावर हळद आणि मंजिष्ठ शेजारी ठेवलीत तर या लेखातलं अर्धं अधिक बोलणं तिथे दिसेल.

गोंड्याची राखी

स्पंजाच्या आणि कार्टूनच्या राख्या यायच्या आधी हीच राखी होती. चार सेंटिमीटर रुंदीचा पुठ्ठा घ्या, त्यावर झेंडूचं पिवळं रेशीम गुंडाळा. भरतकामाच्या धाग्याइतकं जाड असेल तर शंभर वेढे, बारीक असेल तर अडीचशे. पुठ्ठ्यावरून अलगद सरकवून बरोबर मध्यावर मजबूत दोऱ्याने करकचून बांधा. इथे दुसऱ्या माणसाचं बोट गाठीवर लागतंच, मुलांना कामाला लावा. दोन्ही टोकं कापा, जुन्या कोरड्या टूथब्रशने धागे विंचरा. ते फुलून गोल होतात. कात्रीने कडा सारख्या करा. अडीच सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर मंजिष्ठेचा छोटा गोंडा करून मोठ्यावर बसवा, मध्ये तुळशीचा किंवा चंदनाचा मणी शिवा.

बांधायच्या दोरीसाठी कांद्याच्या रंगाचे प्रत्येकी आठ धागे असे तीन पेड घेऊन तिपेडी वेणी घाला. तयार दोरी ३० सेंटिमीटर हवी तर धागे ४५ सेंटिमीटरचे कापा. टोकांना लहान गोंडे सोडले की झालं. गुंज सुंदर दिसते म्हणून लावू नका. तिचं बी विषारी आहे, आणि राखी लहान मुलांच्या तोंडात जाते. परदेशी पाठवायच्या राखीला तर कुठलंच बी, दाणा लावू नये, टपालात अडकतं.

पोवतं, गौरीचा दोरा, अनंत

तिन्हींची रीत एकच: पीळ आणि गाठी. पोवत्याला सव्वा मीटर लांबीचे सुताचे नऊ धागे एकत्र घ्या, एक टोक दाराच्या कडीला अडकवा, दुसरं बोटांत धरून एकाच दिशेने पीळ देत जा. मध्ये सैल सोडलं की दोरा स्वतःभोवती गुंडाळू लागेल, तिथे थांबा. मध्यावर दुमडून दोन्ही टोकं जवळ आणा, तो आपोआप उलट पीळ घेतो. दुमडल्याने लांबी निम्मी होते, पिळाने आणखी कमी. आठ गाठींच्या पोवत्याला एवढं पुरतं. चोवीस गाठी पाडायच्या असतील तर धागे दुप्पट लांब घ्या, किंवा पीळ देऊन न दुमडताच गाठी पाडा. जाड दोऱ्यात प्रत्येक साधी गाठ दीड-दोन सेंटिमीटर लांबी खाते, हे आधी मोजून ठेवा. मी एकदा नवव्या गाठीला संपले होते.

गौरीचा दोरा बऱ्याच घरांत सोळा पदरी आणि सोळा गाठींचा असतो. गाठीगाठीत रेशमाचा धागा, झेंडूचं पान, काशीफळाचं फूल, हळदीकुंकू, सुकामेवा असं काही काही बांधतात. म्हणून गाठ आवळण्याआधी फास मोठा ठेवा, जिन्नस आत बसवा आणि मग दोन्ही बाजूंनी सारखं ओढा. एका बाजूने ओढलं की फूल चिरडतं. कुठे हा दोरा त्याच दिवशी घेतात, कुठे आश्विन वद्य अष्टमीपर्यंत गळ्यात ठेवतात. आपल्या घरचं सासूबाईंना किंवा थोरल्या जावेला विचारा. इथे लेखाचं ऐकू नका. रेशमाचा एक धागा लागतोच, तो मंजिष्ठेच्या उरलेल्या तुकड्यातला घ्या. नायलॉनची लेस किंवा जर घालू नका. निर्माल्यात बाकी सगळं कुजतं, तेवढीच उरते.

अनंताला मंजिष्ठेचं रेशीम, चौदा गाठी. दोन मीटरचे चौदा धागे घेऊन वरच्यासारखाच पीळ द्या आणि दुमडा. दंडाचा घेर मोजून बांधण्यासाठी दोन्हीकडे १५ सेंटिमीटर मोकळे सोडा, गाठी मधल्या भागात सारख्या अंतरावर पाडा. आधी पेन्सिलीने चौदा खुणा करा. मग प्रत्येक गाठ सुईच्या टोकाने खुणेपर्यंत सरकवून तिथे आवळा, नाहीतर पहिल्या सहा दाटीवाटीने येतात आणि उरलेल्या लांब लांब पडतात. शेवटी टोकांना थोडं पाणी लावून पीळ बसवा. वर्षभर रोज ओला होणारा दोरा आहे, सैल टोक उसवतंच.

ठेवणं आणि पुढच्या वर्षाची बेगमी

तयार दोरे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, भाद्रपदाच्या दमटपणात बुरशी धरते. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून, वाळका कडुनिंबाचा पाला घालून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा. तुरटीचं उरलेलं पाणी भरपूर पाणी घालून मोरीत सोडा, तुळशीत नाही. सालं, पाकळ्या, मंजिष्ठेचा चोथा खताच्या कुंडीत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तोरणं उतरवली की सुकण्याआधीच पाकळ्या उपटा. ओल्या फुलाला आत बुरशी लागते. वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली चार-पाच दिवस, रोज एकदा उलथून. कुस्करल्यावर चुरचुरीत वाजल्या की बरणीत भरा आणि वर वर्ष लिहा. माझ्याकडे सध्या दोन बरण्या आहेत, एकीवर लिहायचं राहून गेलंय.